साधा मंगळवार मागणाऱ्या काकांना

काका, सलाम.

समोर बोलायला गेलं की तुम्ही "चहा झाला का?" म्हणून विषय उडवून लावता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. रागवायचं तर रागवा.

झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, आपल्या चर्चमध्ये वीज नव्हती. गावात होती, आपल्याकडे नव्हती. तीन महिन्यांचं बिल थकलेलं आणि खजिनदार मी. पोरं झावळ्या हलवत, होसान्ना म्हणत आत आली, आणि पुढची सगळी उपासना घामाच्या धारांत झाली. देणगीतून आलेला कीबोर्ड मुका बसला. कपाटावर धूळ खात पडलेली जुनी पेटी शेवटी कामी आली. मी मात्र मान वर करून पंखे बघत होते. सात पंखे, प्रत्येकाच्या पात्यावर लाल रंगात देणाऱ्याचं नाव. एरवी ते फिरत असतात, काही वाचता येत नाही. त्या दिवशी सगळी नावं नीट वाचता आली.

त्यातल्या एकांना मी आधीच फोन केला होता. "बिलासाठी नको बाई, पुलपीट वगैरे नवीन करायचं असेल तर सांगा," म्हणाले. दुसऱ्यांनी आयकरातली सूट मिळेल का विचारलं. आता ती सूट आहे सरकारने यादीत घातलेल्या नामांकित देवळा-चर्चच्या दुरुस्तीला. आमच्या शेवटच्या बाकावरच्या बल्बला कोण विचारतंय? तिसऱ्यांनी "प्रार्थनेत आठवण ठेवतो" असं सांगितलं. ठेवली असेल, देव जाणे.

दोष त्यांचा एकट्यांचा नाही म्हणा. १८३१ साली अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं, आणि पुढे कित्येक वर्षं पाळकांचा पगार म्हणा, शाळा म्हणा, कौलं म्हणा, मिशन बघायचं. मग मिशनरी गेले. १९७० मध्ये नागपुरात वेगवेगळ्या मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. पण "मिशन बघेल" हे आपल्या तोंडातलं वाक्य काही गेलं नाही. आता मिशन म्हणजे कोण, तर दुसरा कुणीतरी.

त्या रविवारी सगळे पांगल्यावर तुम्ही थांबलात. मला वाटलं, आता हेही सुनावणार. तुम्ही विचारलंत, "चर्च उघडं ठेवायला दिवसाला काय पडतं?"

काका, इतकी वर्षं मी वही सांभाळते. हा प्रश्न मला कुणी केला नव्हता. मी पाळकसाहेबांचं मानधन, झाडलोट करणाऱ्या मावशींचे पैसे, वीज, पाणी, प्रभुभोजनाचा द्राक्षरस अशी सगळी बेरीज केली आणि तिसाने भागलं. साडेसहाशे. तुम्ही म्हणालात, "मग एक दिवस माझा."

मी विचारलं, कुठला? नाताळ देऊ की तुमचा वाढदिवस?

"नको, साधा मंगळवार दे. ज्या दिवशी कुणी येत नाही तो."

मी घरी जाऊन रडले. थकलेलं बिल पुढे कसं भरलं, कुणाकडून किती जमले, ते सगळं वहीत आहे. तुम्हाला बघून इतरांनीही दिवस घेतले, तेही आहे. डोक्यात राहिला तो मंगळवार. नाताळ कुणीही घेईल हो. सुगीच्या सणाला एकच अंडं लिलावात पाच-पाच वेळा विकलं जातं, प्रत्येक जण विकत घेऊन परत अर्पण करतो, हशा होतो, टाळ्या होतात. मंगळवारी टाळ्या वाजवायला असतं कोण? एक मावशी आणि त्यांचा झाडू.

बायबलमधल्या गरीब विधवेने मंदिरात टाकलेल्या दोन टोल्यांवर, म्हणजे दोन अगदी छोट्या नाण्यांवर, आपण दरवर्षी उपदेश ऐकतो. त्या टोल्यांचं मंदिरात पुढे काय झालं, हे कुणी सांगत नाही. मला वाटतं दिव्याच्या तेलालाच गेल्या असतील. प्रेषित पौलानेही करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना आठवड्याच्या पहिल्या दिवशी थोडं थोडं बाजूला काढून ठेवायलाच सांगितलं होतं, एकदम मोठी थैली आणा म्हणून नाही. तिकडे मिझोराममध्ये बायका शंभराहून जास्त वर्षं स्वयंपाक करताना मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला काढतात. बुहफाई थम म्हणतात त्याला. भात शिजायच्या आधीच मूठ निघते, उरलंसुरलं देणं नाही. ना तिथे दगडावर नाव कोरतात, ना पात्यावर. अशा माणसांवरच जग चाललंय बहुतेक, आणि ती कधी फोटोत नसतात.

पहिल्या मंगळवारी तुम्ही स्वतः आलात, हे मावशींनी मला सांगितलं. दहा मिनिटं शेवटच्या बाकावर बसलात, आणि निघताना पंख्याचं बटण बंद करून गेलात. ज्या दिवसाचे पैसे भरलेत त्याच दिवशीची वीज वाचवलीत! एसटीत जन्म घालवलेल्या कंडक्टरलाच हे सुचणार.

या महिन्याची पावती तुम्ही नेलेली नाही. सातशे दिलेत, माझ्याकडे सुटे नव्हते. पावतीच्या मागे '५० देणे' लिहून ठेवलंय, तुम्ही तिकिटामागे लिहायचात तसं. रविवारी आठवणीने मागून घ्या.

तुमची,
खजिनदार