भरवसा रोजच्या मापाने

संपादक महोदय,

देवावरच्या श्रद्धेविषयी वर्तमानपत्रांत जे छापून येते त्यात बहुधा दोनच सूर लागतात. सगळे देवावर सोपवा आणि निश्चिंत व्हा, हा एक. देवावर सोपवणारी माणसे हातपाय हलवत नाहीत, हा दुसरा. ख्रिस्ती मंडळीत बायबल-अभ्यासाचे वर्ग चालवणाऱ्या आम्हा काही जणांना हे दोन्ही सूर एकाच गैरसमजातून निघालेले वाटतात. भरवसा एकदा ठेवला की जन्मभर पुरतो, असा तो गैरसमज. शास्त्रात भरवशाचे माप दिवसाचे आहे.

बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या 16 व्या अध्यायात मान्नाची, म्हणजे मिसर सोडून रानातून चाललेल्या इस्राएल लोकांना देवाने दिलेल्या अन्नाची, हकिगत आहे. माणशी रोज एक ओमर, म्हणजे साधारण दोन लिटर. उद्यासाठी म्हणून कोणी झाकून ठेवला तर सकाळी त्यात किडे पडत आणि घाण सुटे. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट वेचायचा, आणि तो सातव्या दिवशी चांगला राही. ही कथा सांगताना दोन तपशील बहुतेक वेळा गाळले जातात. मान्ना वरून येत असला तरी तो कोणाच्या तंबूत येऊन पडत नसे. पहाटे उठून बाहेर जावे लागे, कारण ऊन तापले की तो वितळे. आणि देवाने कबूल केलेल्या कनान देशात पोहोचून लोकांनी तिथल्या पिकाचे अन्न खाल्ले त्याच्या दुसऱ्याच दिवशी तो बंद झाला, असे यहोशवाच्या 5 व्या अध्यायात म्हटले आहे. जमीन मिळाली, आता पेरा आणि कापा. ‘आमची रोजची भाकर आज आम्हास दे’ ही प्रार्थना शिकवणाऱ्या प्रभू येशूला ऐकणाऱ्यांच्या मनात हीच हकिगत जागी होणार हे ठाऊक असणार.

तेव्हा शिष्य म्हणून जगायचे तर सुरुवात दिवसाच्या वाट्यापासून करावी. सकाळची पंधरा-वीस मिनिटे पुरतात, मात्र ती ठरलेल्या वेळी आणि ठरलेल्या जागी असावीत, आणि फोन दुसऱ्या खोलीत असावा. नव्याने वाचणाऱ्याने बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून, सुरुवात करू नये. वर्षभरात अख्खे बायबल संपवण्याचा संकल्प जानेवारीत अनेक जण करतात. अध्याय 1,189, म्हणजे रोज तीन ते चार. उत्पत्तीतल्या कथा भराभर सरतात, निर्गमचा 25 वा अध्याय ओलांडला की निवासमंडपाच्या, म्हणजे देवाच्या उपासनेच्या तंबूच्या, फळ्यांची आणि पडद्यांची मापे सुरू होतात, आणि लेवीय या तिसऱ्या पुस्तकापर्यंत गाडी थांबते. त्यापेक्षा मार्कचे शुभवर्तमान घ्यावे. सोळा अध्याय आहेत, रोज एक, जोडीला एक स्तोत्र. मोठ्याने वाचावे, कारण डोळे ओळी गाळतात, तोंडाला त्या गाळता येत नाहीत. वाचून झाल्यावर वहीत एकच वाक्य लिहावे: आज मी काय करणार. ते वाक्य संध्याकाळी तपासता आले पाहिजे. ‘मी अधिक प्रेमळ होईन’ हे तपासता येत नाही. ‘कालच्या बैठकीत ज्याचे काम मी माझे म्हणून सांगितले, त्याचे नाव दुपारपर्यंत साहेबांना कळवीन’ हे तपासता येते, आणि लिहिताना हात जड होतो, म्हणजे ते बरोबर जागी लागले आहे.

एखादा दिवस चुकतोच. चुकलेले अध्याय भरून काढायला मुळीच जाऊ नये. दोन दिवसांची थकबाकी चार दिवसांची होते आणि पाचव्या दिवशी वही बंद पडते. आजचा वाटा घ्यावा, कालचा सोडावा. दुसरी खोड म्हणजे डोळे मिटून बायबल उघडायचे आणि बोट पडेल ते वचन देवाचा आदेश मानायचे. नोकरी, लग्न, घर असे निर्णय यावर घेणारे लोक आम्ही पाहतो. देव अशा रीतीने बोलूच शकत नाही असे आम्ही म्हणणार नाही, पण मागचापुढचा संदर्भ तोडलेले वचन आपल्या मनात आधीपासून असलेलेच उत्तर देते.

प्रार्थनेत बहुतेकांची अडचण शब्दांची नसते, खरे बोलण्याची असते. तेरावे स्तोत्र सहाच ओव्यांचे आहे, ते समोर ठेवून पाहा. पहिल्या दोन ओव्यांत ‘कोठवर’ हा प्रश्न चार वेळा येतो: कोठवर विसरशील, कोठवर तोंड लपवशील, मी मनात कोठवर झुरू, शत्रू कोठवर वरचढ राहील. ही उघड तक्रार आहे. तिसऱ्या आणि चौथ्या ओवीत नेमके मागणे आहे: माझ्याकडे पाहा, उत्तर दे, माझे डोळे उजळ, नाहीतर मी मरेन. पाचव्या-सहाव्या ओवीत भरवसा आणि गाणे. चौथ्या आणि पाचव्या ओवीच्या मध्ये परिस्थिती बदलल्याचा एक शब्दही नाही. शत्रू तिथेच आहे.

हाच क्रम कागदावर उतरवता येतो. आधी तक्रार जशी मनात आहे तशी, मग एकच मागणे आणि तेही नेमके, मग देवाने आजवर केलेले जे निश्चित माहीत आहे ते. तक्रार म्हणजे अविश्वास या समजुतीने लोक पहिला भाग गाळतात आणि थेट स्तुतीवर येतात. अशी प्रार्थना काही आठवड्यांत पाठांतर होते आणि मग सुटते. एखाद्या दिवशी तक्रारीच्या पुढे जाणे झालेच नाही तर तिथेच थांबावे. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र अंधारातच संपते, तरी ते स्तोत्रसंहितेत आहे.

आता देवावर सोपवणे म्हणजे नक्की काय, याकडे येऊ. यासाठी प्रेषितांच्या कृत्यांचा 27 वा अध्याय आम्हाला सर्वांत उपयोगी वाटतो. प्रेषित पौलाला कैदी म्हणून इटलीकडे नेणारे गहू भरलेले तारू वादळात सापडते. कित्येक दिवस सूर्य नाही, तारे नाहीत. देवदूत पौलाला सांगतो की तारवावरच्या एकाचाही जीव जाणार नाही. वचन मिळाले, तेही बिनशर्त. चौदाव्या रात्री खलाशी पाण्याची खोली मोजतात, आधी 20 वाव, थोडे पुढे गेल्यावर 15. खडकावर आदळण्याच्या भीतीने मागच्या बाजूने चार नांगर टाकतात. मग पुढून नांगर टाकण्याचे निमित्त करून खलाशीच लहान होडीतून पळू पाहतात. पौल शताधिपतीला, म्हणजे कैद्यांवरच्या रोमी अधिकाऱ्याला, काय सांगतो? हे लोक तारवात राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. ज्याच्याकडे देवाचे वचन आहे तोच कुशल माणसांना थांबवायला सांगतो. शिपाई होडीचे दोर कापतात. उजाडता उजाडता पौल सर्वांना खायला लावतो, कारण पुढे किनारा गाठायला अंगात बळ लागणार. जेवून झाल्यावर 276 माणसे मिळून उरलेला गहू समुद्रात टाकतात. शेवटी पोहता येणारे पोहून, बाकीचे फळ्यांवर, असे सगळे किनाऱ्याला लागतात.

पाण्याची खोली मोजणे, नांगर, खलाशी, जेवण, ओझे कमी करणे, यांतले काहीही वचनाच्या विरोधात गेले नाही. वचन पुरे झाले ते त्यांच्यातूनच. नहेम्याच्या चौथ्या अध्यायातही यरुशलेमची भिंत बांधणारे लोक प्रार्थना करतात आणि त्याच ओवीत पहारा बसवतात.

यावरून आजारपणाचा प्रश्न सुटतो. प्रार्थना झाली म्हणून मधुमेहाच्या, फिट्सच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या परस्पर बंद करणे हा मोठा विश्वास नव्हे. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत तुला झेलतील, असे सैतान प्रभूला सुचवतो तेव्हा तो स्तोत्र 91 मधले वचनच पुढे करतो. प्रभू अनुवाद नावाच्या पुस्तकातल्या वचनाने उत्तर देतो की देवाची परीक्षा पाहू नको. हिज्कीया राजाला बरे करण्याचे वचन देवाने दिले आणि यशया संदेष्ट्याने गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितला. शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता. याकोबाच्या पत्रात आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे तिथल्या ज्येष्ठ सेवकांना, बोलावून तेल लावून प्रार्थना करवून घ्यावी असे आहे. डॉक्टर सोडा असे तिथे कुठेही नाही. गोळी कमी करायची असेल तर ती डॉक्टर तपासण्या पाहून कमी करतील. बरे झाल्याची साक्ष छापताना किंवा मंडळीत सांगताना एवढे एक वाक्य जोडले तरी काही जीव वाचतील.

पैशाच्या बाबतीतही ‘विश्वासाने’ हा शब्द फार सैल वापरला जातो. विश्वासाने कर्ज काढले, विश्वासाने जामीन राहिलो. बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, हे लूकच्या 14 व्या अध्यायात प्रभूनेच सांगितले आहे. भरवशाने संस्था चालवणाऱ्यांत जॉर्ज म्यूलर (1805–1898) यांचे नाव नेहमी घेतले जाते. ब्रिस्टलमध्ये त्यांनी अनाथाश्रम चालवले, माणसांकडे थेट पैसे मागितले नाहीत, देवाकडे मागितले. त्यांचे चाहते सहसा पुढचे सांगत नाहीत: ते कर्ज काढत नसत आणि मिळालेल्या देणग्यांचे बारकाईने ठेवलेले हिशेब छापून देत. घरात याचे रूप साधे आहे. उत्पन्न हातात आले की देणे आधी बाजूला काढावे, पहिल्या करिंथकरांच्या 16 व्या अध्यायात पौल ते आठवड्याच्या पहिल्या दिवशी काढून ठेवायला सांगतो. उरलेल्यातून देण्याचा बेत केला की उरत काही नाही. किती द्यायचे ते मनात ठरवून द्यावे; दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, ही चांगली सुरुवात आहे, पण कर्जात बुडालेल्या माणसाला त्यावरून धमकावणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही.

थकव्याबद्दल थोडक्यात. एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागतो तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. झोपू देतो, भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खायला देतो. देव त्याच्याशी बोलतो तो त्यानंतर, होरेब डोंगरावर. विश्वास आटला असे वाटणाऱ्याने आधी आठवडाभराची झोप मोजावी.

आणि मागितलेले मिळाले नाही तर? पौलाने शरीरातला काटा, म्हणजे सतत सलणारा त्रास, दूर व्हावा म्हणून तीन वेळा विनवले. उत्तर आले, ‘माझी कृपा तुला पुरे आहे’, आणि काटा राहिला. गेथशेमाने बागेत, वधस्तंभाच्या आदल्या रात्री, प्रभूने तीन वेळा प्रार्थना केली आणि दुःखाचा प्याला टळला नाही. न मिळालेल्याला तुझाच विश्वास कमी पडला असे सांगणाऱ्याने आधी या दोघांना तसे सांगून पाहावे.

सर्वांत जास्त चुका होतात त्या क्षमेत. मत्तयच्या 18 व्या अध्यायातल्या दाखल्यात एका चाकराला 10,000 तालांतांचे कर्ज माफ होते आणि तो आपल्या सोबत्याला 100 दिनारांसाठी तुरुंगात टाकतो. दिनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी आणि तालांत म्हणजे सुमारे 6,000 दिनार. पहिले कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीचे, दुसऱ्याच्या सहा लाख पट. पण 100 दिनार म्हणजेही तीन-चार महिन्यांची कमाई. ते नुकसान किरकोळ आहे असे प्रभू म्हणत नाही. म्हणून ‘जाऊ दे, काही नाही’ ही क्षमा नव्हे. काय गेले ते आधी नीट मांडावे, मगच ते सोडता येते. मांडल्याशिवाय सोडलेले वर्षभराने दुसऱ्याच भांडणात वर येते.

त्याच अध्यायात वाट घालून दिली आहे: आधी दोघांनीच एकांतात बोला, नाही जमले तर एक-दोघांना सोबत घ्या, मग मंडळीला सांगा. मंडळ्यांमध्ये प्रत्यक्षात हे उलटे होते. आधी ग्रुपवर मेसेज, मग पाळकांकडे तक्रार, आणि ज्याचा अपराध त्याला सर्वांत शेवटी कळते. मात्र मारहाण, लैंगिक अत्याचार किंवा मुलांचा छळ असेल तिथे पीडिताला ‘एकांतात भेट आणि क्षमा कर’ असे सांगणे हा या वचनाचा दुरुपयोग आहे. अत्याचार करणाऱ्याच्या समोर दुबळ्याला एकटे उभे करावे म्हणून ही वाट घातलेली नाही. रोमकरांस पत्राच्या 13 व्या अध्यायाप्रमाणे वाईट करणाऱ्याला शासन करण्याचे काम देवाने अधिकाऱ्यांकडे दिले आहे. तिथे पाळकाने किंवा वडिलांनी पहिले काम करायचे ते पीडिताला सुरक्षित जागी हलवण्याचे आणि पोलिसांत तक्रार द्यायला सोबत जाण्याचे. समेटाची बैठक घेण्याचे नव्हे.

आपले,
बायबल-अभ्यासवर्ग चालवणारे काही मंडळी-सेवक