बोटांनी वाजवली की झाली फिंगरस्टाइल?

मा. संपादक,
स. न.

आपल्या रविवार पुरवणीतील गिटारवरच्या लेखात ‘प्लेक्ट्रम (तारा छेडायची चपटी पट्टी) न वापरता बोटांनी वाजवलेली गिटार म्हणजे फिंगरस्टाइल’ अशी व्याख्या दिली आहे. तंत्राची व्याख्या म्हणून ती चालेल, संगीतप्रकाराची म्हणून नाही. पुढे तिच्याच जोरावर फ्लेमेन्को, स्पॅनिश क्लासिकल आणि बॉसा नोव्हा एकाच रांगेत बसवले आहेत. हाच निकष लावायचा, तर पं. विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणाही फिंगरस्टाइल ठरेल. तीही अंगठ्यात आणि बोटांत नख्या घालूनच छेडली जाते!

आज या नावाने ज्या ध्वनिमुद्रिका निघतात आणि स्पर्धा होतात, त्यांत साधारण तीन गोष्टी सापडतात: स्टीलच्या तारांची अकूस्टिक गिटार, एकटा वादक आणि गायनाविना पूर्ण उभी राहणारी रचना. त्या रचनेत बास (खालचे स्वर), कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) आणि चाल एकाच वेळी ऐकू यायला हवेत. पहिली अट थोडी सैल आहे. अमेरिकन गिटारवादक चेट अ‍ॅटकिन्स नायलॉनच्या तारांवर आणि इलेक्ट्रिकवरही वाजवत, म्हणून त्यांना कोणी पंगतीतून उठवत नाही. शेवटच्या अटीला मात्र सूट नाही. गाण्यामागे बोटांनी कॉर्ड फोडून वाजवणे हे फिंगरपिकिंग झाले. गायक थांबला की तिथे फक्त साथ उरते.

हे तीन थर एका हातातून कसे निघतात, ते सी कॉर्डवर पाहता येते. अंगठा चार मात्रांना पाचवी, चौथी, सहावी, चौथी अशा तारा (सहावी सर्वांत जाड) छेडतो. तिसऱ्या मात्रेला डाव्या हाताची अनामिका पाचव्या तारेवरून उचलून सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर (पडद्यावर) न्यावी लागते. पातळ तारांवर तर्जनी आणि मधले बोट चाल वाजवतात, पुष्कळदा दोन मात्रांच्या मधल्या जागेत. तळहाताची कड ब्रिजवर (तारा जिथे फळीला बांधलेल्या असतात तिथे) टेकवून जाड तीन तारांचा नाद दाबला, की बास ‘ठुक-ठुक’ असा कोरडा येतो. कड एखादा सेंटिमीटर जरी पुढे सरकली, तर चालीच्या ताराही दबतात.

शिकणारे अडतात ते बहुतेक एकाच ठिकाणी. अंगठा चालीच्या मागे जाऊ लागतो आणि ठेका लंगडतो. टॅब (कोणती तार कुठे दाबायची ते दाखवणारी लिपी) बघून सगळे स्वर एका ओळीत पाठ केले, की हे होणारच. आधी मेट्रोनोम (ठेका देणारे यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवून नुसता अंगठा चालवावा, समोरच्याशी बोलतानाही तो चुकेनासा होईपर्यंत. मग चालीचा स्वर अंगठ्याबरोबर मात्रेवर घ्यावा, आणि तो बसल्यावरच मात्रांच्या मधे. अमेरिकन गिटारवादक मर्ल ट्रॅव्हिस हे सगळे अंगठा आणि तर्जनी एवढ्यावर करत. अ‍ॅटकिन्स यांनी त्यांना आधी फक्त रेडिओवर ऐकले होते. दोनच बोटांत हे होत असेल असे त्यांना वाटले नाही, म्हणून त्यांनी आणखी बोटे कामाला लावली. अंगठ्याची ही रीत मुळात रॅगटाइम या जुन्या अमेरिकी शैलीतल्या पियानोवादकाच्या डाव्या हाताची. ब्लूज गायक-गिटारवादक ब्लाइंड ब्लेक यांच्या १९२६ पासूनच्या ध्वनिमुद्रणांत हे नाते उघड ऐकू येते.

तरीही ब्लेक काय किंवा मिसिसिपी जॉन हर्ट काय, ते गाणारे होते. ट्रॅव्हिस आणि अ‍ॅटकिन्स कंट्री संगीताच्या घरातले. प्रकार म्हणून फिंगरस्टाइल वेगळी निघाली ती, माझ्या मते, अमेरिकन गिटारवादक जॉन फाही यांच्यापासून. १९५९ मध्ये त्यांनी स्वतःची ‘टाकोमा’ ही रेकॉर्ड कंपनी काढली आणि स्टीलच्या तारांची एकटी गिटार, गाण्याशिवाय, मैफलीचे वाद्य म्हणून पुढे ठेवली. १९६९ मध्ये लिओ कॉटकी यांची रेकॉर्डही तिथूनच आली.

इंग्लंडमध्ये डेव्ही ग्रॅहम यांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला ‘डॅडगॅड’ हे ट्यूनिंग रुजवले. सहावी, दुसरी आणि पहिली तार एकेक पूर्ण स्वर उतरवायची, की मोकळ्या तारा डी-ए-डी-जी-ए-डी अशा लागतात. आपल्या भाषेत सा-प-सा-म-प-सा. गंधार कुठेच नाही, त्यामुळे मेजर-मायनरचा (शुद्ध की कोमल गंधाराचा) प्रश्न मोकळा राहतो आणि षड्ज-पंचम घुमत राहतात. मोरोक्कोत ऊदवादकांबरोबर वाजवताना ग्रॅहम यांना हे सुचले. आपल्या कानाला ते लगेच ओळखीचे का वाटते, हे वेगळे सांगायला नको.

क्लासिकल गिटारशी फरक इथे स्पष्ट होतो. तिथे छापील रचना असते, वादक ती मांडतो आणि ट्यूनिंग सहसा ठरलेले असते. इथे रचनाकार आणि वादक बहुधा एकच, आणि रचनेगणिक ट्यूनिंग बदलते.

मायकेल हेजेस यांच्या १९८४ च्या ‘एरियल बाउंडरीज’पासून दोन्ही हातांनी फ्रेटबोर्डवर ठोकून स्वर काढणे आणि लाकडावर ताल धरणे या प्रकारात स्थिरावले. २००६ मध्ये अँडी मॅकी यांचा व्हिडिओ इंटरनेटवर गाजला आणि अनेकांना तेवढेच फिंगरस्टाइल वाटू लागले. खोक्यावर थापा हा अलंकार आहे. बास आणि चाल सुटी ऐकू येत नसेल, तर कितीही थापा मारल्या तरी ते काजोन या खोक्यासारख्या तालवाद्याचे वादनच.

व्याख्येचा हा घोळ खिशापर्यंत पोचतो, म्हणून हे पत्र. लेखात ‘बोटांनी वाजवायचे तर नायलॉनची क्लासिकल गिटार घ्यावी’ असा सल्ला आहे. क्लासिकल गिटारचा नट (मानेच्या टोकाची, तारा पेलणारी पट्टी) सुमारे ५२ मि.मी. रुंद असतो. त्यावर अंगठा मागून वर काढून सहावी तार दाबणे, जे ट्रॅव्हिसच्या शैलीत पदोपदी लागते, बहुतेकांना जमत नाही. नेहमीच्या स्टील गिटारचा ४३ मि.मी.चा नट उलट अरुंद पडतो आणि शेजारच्या तारेला बोट लागून ती मुकी होते. ४४.५ ते ४५ मि.मी. हे माप बघून घ्यावे. तारा १२-५३ च्या संचातल्या (सर्वांत पातळ तार ०.०१२ आणि सर्वांत जाड ०.०५३ इंच) असाव्यात. १०च्या संचावर डॅडगॅड लावले, तर उतरवलेल्या तारा ढिल्या पडून फ्रेटवर झणझणतात. नख बोटाच्या टोकापुढे एक-दोन मि.मी. पुरे, त्याहून लांब नख स्टीलच्या तारेत अडकून तुटते.

सॉलिड लाकडाच्या गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात ती ८० च्या वर जाते. लाकूड ओल शोषून पुढची फळी फुगते, तारा फ्रेटपासून उंच होतात आणि वरच्या फ्रेटवरचे स्वर चढे लागतात. पावसाळ्यात गिटार केसमध्ये, ओल शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवावी. नुसती भिंतीला टांगू नये.

आता आयोजकांसाठी. महाविद्यालयीन स्पर्धांत हे वादक ‘पाश्चात्त्य वाद्य, एकल’ या विभागात क्लासिकलवाल्यांसमोर उभे केले जातात आणि परीक्षक आसन व हाताची ठेवण बघून गुण कापतात. स्वतंत्र विभाग शक्य आहे. अमेरिकेत कॅन्ससमधल्या विनफिल्डच्या महोत्सवात फ्लॅटपिकिंग (प्लेक्ट्रमने वाजवणे) आणि फिंगरस्टाइल यांच्या स्पर्धा वेगवेगळ्या होतात. नियमांत एवढे असावे: एकच गिटार, मागे ट्रॅक नाही, लूप पेडल (वाजवलेला तुकडा परत परत ऐकवणारे यंत्र) नाही, अंगठ्यातली नखी चालेल. ध्वनिव्यवस्थेवाल्याला आधी सांगून ठेवावे, की सॅडलखालचा (ब्रिजवरच्या पट्टीखालचा) पिएझो, म्हणजे कंप टिपणारा पिकअप, तारा चांगल्या पकडतो, पण फळीवरची थाप नीट पोचवत नाही. त्यासाठी फळीला चिकटवायचा पिकअप किंवा आतला माइक लागतो, आणि माइक लवकर शिट्टी मारतो म्हणून त्याची पातळी कमी ठेवावी. शिवाय दोन रचनांमध्ये ट्यूनिंग बदलायला दोन मिनिटे द्यावीत आणि ती वादनाच्या वेळेतून कापू नयेत.

आपला,
एक गिटारशिक्षक, ठाणे