विज्ञानासोबत इतिहास का नको?

अकरावीला भौतिकशास्त्र, गणित यांच्या जोडीला माझ्या भाचीला इतिहास हवा होता. ‘वेळापत्रकात बसत नाही’ म्हणून कॉलेजने नकार दिला. कला आणि विज्ञान यांत कडक भिंती नकोत, असे २०२०चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगते. आपल्याकडे हे नवे थोडेच आहे? इतिहासकार दामोदर कोसंबी मूळचे गणिती. तक्षशिलेची प्राचीन नाणी तोलून, वापरात झिजून घटलेल्या वजनावरून त्यांनी नाण्यांचा कालक्रम लावला. नुसता इतिहास किंवा नुसते संख्याशास्त्र येणाऱ्याला ते सुचलेच नसते! निदान मोठ्या कॉलेजांनी आठवड्यातले चार तास दोन्ही शाखांसाठी सामाईक ठेवावेत. शिक्षण खात्याने तसे परिपत्रक काढावे, प्रवेश सुरू होण्याआधी.

– एक वाचक, सातारा