चेंबर घासतं म्हणून उंच गाडी?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गाडी खरेदीवर मजकूर आला होता. त्यात सेडानला, म्हणजे मागे वेगळी डिकी असलेल्या बसक्या गाडीला, ‘मागच्या पिढीची आवड’ म्हणून दोन ओळींत वाटेला लावलं आणि बाकी पानभर एसयूव्हीच. मी मागच्या पिढीचीच आहे. रस्तेबांधणीच्या कार्यालयात आरेखक म्हणून नोकरी केली, त्यामुळे कुठलीही वस्तू घेताना आधी तिची मापं बघायची खोड आहे. तशीच ती या वेळीही बघितली.

आम्ही कराडला राहतो. माझं माहेर चिपळूणजवळ. म्हणजे पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट हा आमचा नेहमीचा रस्ता, आणि गाडी मी चालवते. जुनी गाडी काढायची ठरली तेव्हा समोर दोनच नावं होती, मारुतीची सेडान डिझायर आणि मारुतीचीच एसयूव्ही ब्रेझा. भाचा म्हणाला, ‘‘आत्या, डिझायर आता टॅक्सीवाले घेतात. ब्रेझा घे, रोड प्रेझेन्स आहे.’’ टॅक्सीवाला दिवसभर गाडी चालवून त्यावर घर चालवतो. त्याला जी परवडते ती मला का नको, याचं उत्तर भाच्याकडे नव्हतं.

दोन्ही गाड्यांची लांबी एकच, ३९९५ मिलिमीटर. हा योगायोग नाही. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या लहान गाड्यांना करसवलत मिळाली आणि तेव्हापासून कंपन्या पट्टी लावून गाड्या कापू लागल्या. पहिली डिझायर चार मीटरहून लांब होती, २०१२ मध्ये तिची डिकी छाटून तिला मापात बसवलं. (दिसायला ती कित्येक वर्षं बिचारीच होती. आताची बरी आहे.) नियमाचा दुसरा भाग मात्र शोरूममध्ये कोणी आपणहून सांगत नाही. लांबी चार मीटरच्या आत हवी आणि पेट्रोलचं इंजिन १२०० सीसीच्या आत. २२ सप्टेंबर २०२५ पासून जो जीएसटी लागू झाला, त्यात या दोन्ही अटी पाळणाऱ्या गाडीला १८ टक्के आणि न पाळणारीला ४० टक्के. डिझायरचं इंजिन ११९७ सीसी, ब्रेझाचं १४६२. सारख्याच लांबीच्या दोन गाड्या, आणि करात एवढा फरक. उंच गाडीच हवी असेल तर टाटाची नेक्सॉन किंवा ह्युंदाईची व्हेन्यू यांचं लहान पेट्रोल इंजिन १८ टक्क्यांत बसतं, हेही पुरवणीत यायला हवं होतं.

शोरूममधला मुलगा म्हणाला, उंच गाडी जास्त सुरक्षित. नेक्सॉनला गाड्या आपटवून सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेचे पाच तारे २०१८ मध्ये मिळाले आणि नव्या डिझायरलाही २०२४ मध्ये पाचच मिळाले. तारे सांगाडा कसा आहे आणि एअरबॅगा किती, यावर ठरतात. आणि ज्यांना आपण सरसकट एसयूव्ही म्हणतो त्यातल्या बहुतेक साध्या मोटारीच आहेत, पुढची दोनच चाकं ओढणाऱ्या. शेताच्या चिखलात त्या डिझायरइतक्याच रुततात.

घाटात फरक कळतो. ब्रेझा १६८५ मिलिमीटर उंच, डिझायर १५२५. ट्रायल म्हणून मी दोन्ही गाड्या वळणांवर चालवल्या. उंच गाडी वळणावर कलते, चालवणाऱ्याच्या हातात स्टिअरिंग असतं म्हणून त्याला काही वाटत नाही, मागे बसलेल्यांचे हाल होतात. माझ्या जावेला तसाही घाट उतरताना पायथ्याचं पोफळी यायच्या आत गाडी लागते. शिवाय परतताना डिकीत सुकट, सोडे, जवळा असतो. सेडानची डिकी बंद पेटी असते, वास मागच्या मागे राहतो. अशा उंच गाडीत मागच्या सीटच्या पलीकडे फक्त एक फळी, त्यामुळे कोयनानगरपर्यंत सगळ्यांनी काचा खाली करून बसायचं. डिझायरची डिकी ३८२ लिटर, ब्रेझाची ३२८. आंब्याच्या पेट्या रचताना हेही माप उपयोगी पडतं.

मग लोक उंच गाडी का घेतात? मी ओळखीच्यांना विचारलं. रुबाब वगैरे नंतर, पहिलं उत्तर बहुतेकांचं एकच, ‘‘चेंबर घासतं हो.’’ म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं गतिरोधकाला लागतं.

हे उत्तर ऐकल्यावर मला गप्प बसवेना, कारण गतिरोधकाचं चित्र मी स्वतः काढलेलं आहे. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या संहितेप्रमाणे तो १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा असतो. रुंदी ३.७ मीटर, मधोमध उंची १० सेंटिमीटर, ताशी २५ च्या वेगाने गाडी सहज जावी असा. डिझायर रिकामी असताना जमिनीपासून १६३ मिलिमीटर वर असते, ब्रेझा १९८. शंभर मिलिमीटरच्या अशा पसरट उंचवट्यावरून पाच माणसं भरलेली डिझायरही न घासता जाते.

आता आमच्या वळणावरचा गतिरोधक. तिथे एक अपघात झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यावर काँक्रीटचा बांध घातलेला होता. ना पांढरे पट्टे, ना आधी फलक. मी टेप लावून मोजला. रुंदी दोन फुटांच्या आत आणि उंची १७० मिलिमीटरच्या आसपास. त्यावरून सेडान तिरकी घालावी लागते, नाहीतर मागच्यांना उतरून चालत पलीकडे जावं लागतं. उंच गाडी भरलेली असेल तर तीही कधी कधी टेकते. अपघात झालेल्यांचा राग मला समजतो, माणूस गेल्यावर कोणी संहिता वाचत बसत नाही. पण ते काम ज्यांचं आहे ते नंतरही तिकडे फिरकले नाहीत, आणि त्याची किंमत प्रत्येक जण शोरूममध्ये जाऊन मोजतो. गाडीच्या पोटाखालच्या पस्तीस मिलिमीटरसाठी ब्रेझाला ४० टक्के कर, वर पेट्रोल जास्त.

उंच गाडी घेण्याचं एक कारण मला पूर्ण पटतं, ते म्हणजे गुडघे. शेजारच्या काकूंच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे. सेडानमध्ये खाली वाकून बसायचं आणि उठताना दार धरून स्वतःला ओढायचं, ते त्यांना शक्य नाही. त्यांच्या मुलाने ब्रेझा घेतली, ठीकच केलं. ज्यांच्या घरी अशी अडचण आहे त्यांनी त्या माणसाला सोबत नेऊन, चार वेळा बसवून-उठवून मगच गाडी ठरवावी. आमच्या घरचे गुडघे अजून ऐकतात, म्हणून आम्ही डिझायर बुक केली. भाचा नाराज आहे, पण गणपतीला माझ्याच गाडीतून येणार आहे.

आपल्याला विनंती अशी, की पुढच्या पुरवणीत गाड्यांच्या तक्त्याशेजारी गतिरोधकाचं प्रमाण चित्र छापावं, मापांसह. वाचकांनी आपापल्या गल्लीतला गतिरोधक मोजून आकडे पाठवावेत. आमच्या वळणाची मापं आणि छेदचित्र मी काढून ठेवलं आहे, मागाल तेव्हा पाठवते.

आपली,
एक निवृत्त आरेखक, कराड