तुमच्या चालण्याची नोंद ठेवू दिलीत म्हणून

कॅनडातल्या लंडन शहरातल्या 1,099 एमएस रुग्णांना,

सप्रेम नमस्कार.

मल्टिपल स्क्लेरोसिसचं (एमएस, मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार) निदान झाल्यावर मी डॉक्टरांना फिरून फिरून एकच विचारत होते : वीस वर्षांनी मी चालत असेन ना? त्यांनी जे सांगितलं त्याच्या मुळाशी तुम्ही होतात. म्हणून, ओळखदेख नसताना हे पत्र.

1972 ते 1984 या काळात तुमच्या नोंदी तिथल्या क्लिनिकमध्ये होत गेल्या. चाल, तोल, नजर, लघवीवरचा ताबा असं सगळं तपासून शून्य ते दहाच्या मापावर तुमचा आकडा मांडला जाई. सहा म्हणजे चालताना काठीचा आधार. 1989 मध्ये निष्कर्ष छापून आले : आजार सुरू झाल्यापासून सहावर पोचायला मध्यक काळ सुमारे 15 वर्षं. म्हणजे निम्म्यांना काठी त्याआधी लागली, निम्म्यांना त्यानंतर किंवा लागलीच नाही. हा दुसरा अर्धा भाग मला डॉक्टरांनी मुद्दाम समजावून सांगितला, आणि त्या रात्री मला झोप लागली.

पहिल्या दोन वर्षांत अटॅक, म्हणजे लक्षणं उफाळून येणं, किती आले, पहिल्या आणि दुसऱ्या अटॅकमध्ये किती काळ गेला, यावरून पुढचा अंदाज बांधता येतो, हेही तुमच्याच नोंदींतून दिसलं. आता त्यात एमआरआयची भर पडली आहे. मेंदूबरोबर मणक्यातल्या मज्जारज्जूवर डाग आहेत का, हेही पाहतात. तरी अंदाज गटाचा असतो. एकट्या माझं भविष्य त्यातून कुणी सांगू शकत नाही, आणि डॉक्टरांनी तसा आवही आणला नाही.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. एमएसची वाटचाल मंदावणारं पहिलं औषध, इंटरफेरॉन, अमेरिकेत 1993 मध्ये मंजूर झालं. त्याआधीच्या त्या वर्षांत तुमच्या हातात असं काहीच नव्हतं. पाय जड होत असताना, आपल्याला यातून काही मिळेल याची खात्री नसताना, तुम्ही तपासणीला येत राहिलात. औषधाविना हा आजार कसा पुढे सरकतो, हे तुमच्यामुळे कळलं. आज मी घेते त्या औषधाचा उपयोग जोखायलाही असा आधार लागतो. तुमची 15 वर्षं माझ्यावर जशीच्या तशी लागू होत नाहीत, ती या औषधांमुळेही.

गेल्या तपासणीत मीही रुग्णनोंदणीच्या संमतीपत्रावर सही केली.

तुमची ऋणी,
एक एमएस रुग्ण