तंबूला जागा द्या, पावती फाडा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कोकण किनाऱ्यावर तंबू ठोकणाऱ्यांना सरसकट बंदी करा, असे एका वाचकाचे पत्र आपल्या दैनिकात वाचले. त्यांचा राग कळतो. वाळूत अर्धवट जळलेली लाकडे, बाटल्यांच्या काचा, रात्री उशिरापर्यंत स्पीकर, हे सगळे मीही पाहिले आहे. पण बंदी आली तर ती धिंगाणा घालणाऱ्यांच्या आधी आमच्यासारख्यांवर येईल, म्हणून हे लिहितो.

मी एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेला मेकॅनिक. सौ.च्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे. मागच्या सीटवर टांग टाकून बसणे तिला शक्य नाही, पण साइडकारमध्ये, म्हणजे मोटरसायकलच्या बाजूला जोडलेल्या एका चाकाच्या बैठकीत, पाय लांब करून ती आरामात बसते. तेव्हा बुलेटला साइडकार जोडून आम्ही ताम्हिणी उतरलो आणि श्रीवर्धनपासून किनारा धरून थेट रेडीपर्यंत गेलो. (साइडकारची नोंद आरसी बुकावर रीतसर आहे. पोलिसांनी अडवले ते बहुतेक वेळा फोटो काढायला.) तंबू, स्टोव्ह, दोन भांडी, गाद्यांच्या वळकट्या आणि घडीची कमोडची खुर्ची एवढा संसार बरोबर होता. त्या खुर्चीवर रस्त्यात बरेच विनोद झाले, पण ती नसती तर सौ. हरिहरेश्वरहूनच परत फिरली असती.

ही गाडी चालवणे म्हणजे मोटरसायकल चालवणे नव्हे. ती वळणावर झुकत नाही, हँडल ताकदीने फिरवावे लागते. आपल्याकडे साइडकार डाव्या बाजूला. त्यामुळे रेस वाढवली की गाडी डावीकडे ओढते आणि ब्रेक दाबला की उजवीकडे. डाव्या वळणावर वेग जास्त झाला तर साइडकारचे चाक जमीन सोडते. तिथे सौ. न सांगता डावीकडे कलते. ती बरोबर नसेल तेव्हा तिच्या जागी पाण्याचा भरलेला कॅन बांधतो. कॅन रस्ता चुकल्याचे सांगत नाही, एवढाच फरक. खड्ड्यांचे तर विचारूच नका: दोन चाके चुकवली की तिसरे हमखास आत. दिवसभरात शंभर-सव्वाशे किलोमीटर झाले तरी खूप, त्यात खाडी आली की फेरीबोटीची वाट पाहायची. बागमांडला-वेशवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड असे तीनदा पाणी ओलांडले. एका धक्क्यावर मोटरसायकलचे तिकीट लावले, दुसऱ्यावर रिक्षाचे. दोघांचेही बरोबरच म्हणायचे. बोटीवर बाकीचे आपापल्या गाड्या धरून उभे होते, आमची तीन चाकांवर स्वस्थ.

सांगायचा मुद्दा हा, की अशा प्रवासात संध्याकाळ कुठे होईल ते सकाळी सांगता येत नाही. आधी खोली ठरवायची तर कुठल्या गावातली? आणि आयत्या वेळी मिळते ती खोली बहुधा जिना चढून. म्हणून तंबू. आम्ही दिवस मावळायच्या आत गावात शिरतो, सरपंच किंवा पोलीस पाटलांना विचारतो आणि ते म्हणतील तिथे, देवळाच्या आवारात, शाळेच्या मैदानाच्या कडेला, कुणाच्या आंब्याखाली मुक्काम करतो. वेळणेश्वरच्या बाजूला एका माउलीने अंगण दिले, वर रात्री कुळथाचे पिठले-भात. पैसे घेईना.

पण सगळा कारभार असा एकाच्या चांगुलपणावर किती दिवस चालणार? एका गावात परवानगी मिळाली, तर रात्री दुसरेच गृहस्थ येऊन उठवून गेले. त्या अंधारात सौ.ला परत साइडकारमध्ये बसवताना माझे जे झाले ते झाले. वाळूत तंबू नको, हे मात्र मलाही मान्य आहे. वेळासला ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. पिल्ले उजेडाकडे भरकटतात आणि पायाखाली घरटी दबतात. तिथे आम्ही गावातल्या घरीच उतरलो. उधाणाच्या भरतीला पाणी कुठवर येते, हेही बाहेरून आलेल्याला कळत नाही.

राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. मोठ्या गाडीत पलंग, स्वयंपाकघर घेऊन फिरणाऱ्यांचा त्यात विचार झाला. मोटरसायकल, सायकलवरून तंबू घेऊन येणाऱ्यांचाही व्हावा. किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतींनी भरतीच्या रेषेपासून लांब, सुरूच्या बनामागे पाच-दहा गुंठे जागा ठरवून द्यावी. एक नळ, एक दिवा, कचऱ्याचे पिंप आणि दोन संडास, त्यातला एक कमोडचा, पायरी नसलेला. शेकोटी आणि स्पीकर बंद. आधारकार्ड पाहून नोंद करावी, रात्रीचे दोनशे रुपये घेऊन पावती फाडावी. आम्ही आनंदाने देऊ, आणि जो वाळूत बाटल्या फोडेल त्याचे नाव-गाव रजिस्टरमध्ये असेल.

आपला,
निवृत्त एसटी मेकॅनिक, कराड