पायवाट रुंद नको, कोरडी हवी

महोदय,

कास पठारावरील पायवाटा मुरूम टाकून रुंद कराव्यात, ही आपल्या रविवारच्या अंकातील लेखात केलेली सूचना पटली नाही. वाट पसरते ती जागा अपुरी पडते म्हणून नव्हे, तर चिखल चुकवायला लोक कडेने चालतात म्हणून. जांभ्याच्या कातळावर माती बहुतेक ठिकाणी जेमतेम काही सेंटिमीटर. ती बुटांखाली दाबली गेली की पाणी वाटेवरूनच धावू लागते आणि उरलीसुरली मातीही नेते. सीतेची आसवं ही बोटभर उंचीची कीटकभक्षी वनस्पती नेमकी अशा पाणथळ कडेला उगवते. किडे पकडणाऱ्या तिच्या बारीक पिशव्या ओल्या मातीत असतात. मुरमाखाली ती गाडली जाईल. शिवाय मुरमाबरोबर गाजर गवताचे बी येईल, ते वेगळेच.

वाट शक्यतो उघड्या कातळावरून न्यावी. पाणी साचते तेवढ्याच टप्प्यात आडव्या ओंडक्यांवर वीतभर उंच फळ्या टाकाव्यात, म्हणजे कातळ फोडावा लागत नाही. फळ्यांमध्ये बोटभर फट हवी, नाहीतर पावसात त्या शेवाळून निसरड्या होतात. पर्यटकांनीही एकामागे एक, वाटेच्या मधूनच चालावे. बूट भरले तर भरू द्यावेत.

टेकू म्हणून पठारावरचे सुटे दगड मात्र उचलू नयेत. त्यांच्याखाली पाली-बेडकांचा आसरा असतो आणि उचलणाऱ्याच्या दुर्दैवाने कधी फुरसेही.

– एक वाचक, सातारा